गवत कापायचा बुधवार

बुधवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी वेंडेल ओबरहाउस आपल्या गॅरेजच्या तोंडाशी ओणवा उभा होता आणि स्वतःच्या दोन पायांमधून मागे बघत होता. मागे सात यार्डांवर भिंतीला एक जुनी गादी टेकवलेली होती. तिच्यावर निळ्या रंगाने काढलेलं ताटाएवढं वर्तुळ होतं. त्याने चेंडू मागे फेकला, तो वर्तुळात लागला. त्याने दुसरा उचलला. सात यार्डांवरून वीस, मग ड्राइव्हवेवर येऊन पंधरा यार्डांवरून वीस, असे रोज सकाळी चाळीस चेंडू. त्या क्षणी तो चौदा तास बारा मिनिटं बेकार होता.

वेंडेल हा टोलेडो हेरन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा स्नॅपर. किकरने चेंडूला लाथ मारायची असते तेव्हा तो चेंडू पायांमधून मागे फेकणारा माणूस. त्याला दुसरं काही येत नाही आणि कुणी त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही करत नाही. एका सामन्यात त्याच्या वाट्याला आठ-दहा चेंडू येतात: काही पंधरा यार्डांवरच्या किकरकडे, जो ते झेलून लांब लाथाडतो, काही सात यार्डांवर बसून चेंडू जमिनीवर धरणाऱ्याकडे. सात यार्डांवर बसलेल्या माणसाच्या हातात चेंडू पोहोचतो तेव्हा त्याची शिवण पुढच्या बाजूला असली पाहिजे, म्हणजे किकरचा पाय शिवणीवर पडत नाही. त्यासाठी हवेत चेंडूच्या किती गिरक्या व्हायला हव्यात हे वेंडेलचं मनगट जाणतं, तो स्वतः कधी मोजत नाही. अकरा वर्षांत त्याचा एकच चेंडू वाया गेला, तिसऱ्या वर्षी, पावसात. शहरातल्या बहुतेकांना त्याचं नाव त्या एका चेंडूमुळेच माहीत आहे.

लीगमध्ये बत्तीस संघ आहेत, म्हणजे या कामाच्या जगात बत्तीसच जागा. वेंडेल छत्तीस वर्षांचा आहे. काल, मंगळवारी दुपारी चार वाजता, त्याची जागा गेली.

ती दर वर्षी जाते. मंगळवारी चारच्या आत प्रत्येक संघाला खेळाडू कमी करत त्रेपन्नांवर आणावे लागतात. ज्या जखमी खेळाडूला हंगामात पुन्हा खेळवायचं आहे, त्याचं नाव त्या यादीत निदान एक दिवस असावं लागतं, मग बुधवारी चारनंतर त्याला जखमींच्या यादीत टाकता येतं. म्हणजे एका दिवसापुरतं कुणाला तरी बाहेर उभं करावं लागतं. तरुण खेळाडूला सोडलं की दुसरा संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतो. चार हंगामांहून जुन्या खेळाडूचं तसं नाही. तो सुटला की मोकळा होतो आणि हवं तिथे जाऊ शकतो. पण सहसा तो जात नाही, कारण त्याला शब्द दिलेला असतो.

हा शब्द देताही येत नाही. सोडायच्या खेळाडूला आधीच 'तुला परत घेऊ' असं सांगणं हा लीगच्या नियमाने गुन्हा आहे. म्हणून हेरन्सचा सरव्यवस्थापक डेल मॅकेल्वी गेली तीन वर्षं एकच वाक्य बोलत आला होता. काल दुपारी दीड वाजता त्याने दार लावून घेतलं आणि ते चौथ्यांदा म्हटलं.

"वेंडेल, तुझ्या अंगणातलं गवत वाढलंय म्हणे."

"वाढलंय."

"उद्या कापून टाक. फोन खिशात ठेव."

"बरं."

दोघांनी हात मिळवले. कुठे काही लिहिलं गेलं नाही. संध्याकाळी लीगच्या संकेतस्थळावर हेरन्सने सोडलेल्या खेळाडूंमध्ये ओबरहाउस हे नाव वर्णानुक्रमे नवव्या ओळीत होतं.

सात वाजून पाच मिनिटांनी ओरिन टॅलमनचा फोन आला. ओरिन एकतीस वर्षांचा, सात हंगाम खेळलेला, राखीव फळीतला. नदीपलीकडे पेरिसबर्गमध्ये दोघं चार गल्ल्यांच्या अंतराने राहतात आणि गेली चार वर्षं एकाच गाडीतून कामावर जातात. एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. सामन्यात वेंडेलला काही झालंच तर त्याच्या जागी चेंडू फेकायला ओरिन. ते त्याला वेंडेलनेच शिकवलं, याच गादीवर.

"म्हाताऱ्या, उठलास का? की पेन्शनर मंडळी उशिरा उठतात?"

"चाळीस झाले. आता गवत. आठ वाजेपर्यंत थांबतो, नाहीतर शेजारचा जॅब्लॉन्स्की पोलीस बोलावेल."

ओरिन हसला नाही. "ऐक, तुझं कपाट रिकामं आहे."

"म्हणजे?"

"रिकामं म्हणजे रिकामं. नावाची पट्टी काढलीय. बूट, टेप, ते तुझं घाणेरडं हातमोज्यांचं पाकीट, सगळं काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरून दाराशी ठेवलंय. आणि सत्तेचाळीस नंबरचा शर्ट दुसऱ्याच्या नावानं शिवायला टाकलाय."

"पिशवी तुझ्या गाडीत ठेव."

"ठेवली. पण हे काय चाललंय?"

"मला काय माहीत? मी तिथे काम करत नाही."

आधीच्या तीन वर्षांत असं झालं नव्हतं. मंगळवारी तो बूट कपाटात तसेच ठेवून निघायचा आणि गुरुवारी तेच घालायचा. सामानघर सव्वीस वर्षं सांभाळणारा व्हर्नन म्हणून एक माणूस होता. कुणाची पट्टी काढायची आणि कुणाची राहू द्यायची हे त्याला न सांगता कळायचं. व्हर्नन जुलैमध्ये निवृत्त झाला.

आता कोण काय विसरलं होतं? की कुणाला काही आठवलं होतं? वेंडेलने मॅकेल्वीला फोन लावला. मॅकेल्वीने उचलला नाही. यादीनंतरच्या बुधवारी सकाळी तो कुणाचाच उचलत नाही. इतर संघांनी सोडलेल्या हजारेक खेळाडूंतून दुपारी बाराच्या आत निवड करायची असते.

आठ वाजता वेंडेलने यंत्र बाहेर काढलं. कुंपणापलीकडून जॅब्लॉन्स्कीने कॉफीचा मग उंचावला. हा मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, वय एक्क्याऐंशी.

"काय पोरा, यंदाही हाकललं का?"

"हाकललं."

"आमच्या कारखान्यातही असंच करायचे. शुक्रवारी काढायचे, सोमवारी घ्यायचे. एका सोमवारी घेतलंच नाही."

"मग?"

"मग काय. बायकोनं घेतलं. तिचा पगार चालू होता." तो आपल्याच विनोदावर हसला आणि आत गेला.

साडेनऊला शिकागोहून एजंटचा फोन आला. लिओरा फिंचने वेंडेलसाठी अकरा वर्षांत नऊ करार केले आहेत, सगळे किमान पगाराचे.

"बसला आहेस का उभा?"

"गवत कापतोय."

"यंत्र बंद कर. ओमाहाच्या स्नॅपरचं मनगट काल सरावात मोडलं. त्यांना आज माणूस हवाय. दोन वर्षं, किमान पगाराच्या वर, आणि पहिलं वर्ष पक्कं. वेंडेल, पक्कं. सोडलं तरी पैसे. तुला आयुष्यात कुणी पक्कं दिलंय का?"

"नाही."

"दोनपर्यंत उत्तर हवं. डेट्रॉइटहून सव्वापाचचं विमान आहे. दोननंतर ते दुसऱ्याला विचारणार, आणि दुसरा हो म्हणणारच."

"मी मॅकेल्वीला शब्द दिलाय."

"तू कसला शब्द दिलायस? गवत कापायचा?"

यंत्र अंगणाच्या मध्यावर उभं होतं. डावीकडचं अर्धं कापून झालं होतं.

त्याची बायको कोरीन सरोवराच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ऑगस्टच्या शेवटाला सरोवरावर शेवाळाची हिरवी साय धरते, म्हणून या दिवसांत तिला दर तासाला नमुने घ्यावे लागतात. तिने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वेन, तिथे जाऊन विचार."

"आत सोडणार नाहीत."

"मग दारात विचार. दोनपर्यंत अंगणात उभा राहून काय कळणार आहे? आणि मॅकेल्वीला नको विचारूस. तो गोड बोलेल. हिशेबवाल्या ओपलला विचार."

सव्वाअकराला सरावकेंद्राच्या फाटकावर वेंडेलने कार्ड लावलं. दिवा लाल झाला. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा लाल. पहारेकरीण केबिनमधून बाहेर आली. अकरा वर्षं ती त्याला रोज हात करत आली होती. आता तिने नुसतं त्याच्या खांद्यामागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"मला सोडता येणार नाही रे."

"ठाऊक आहे. ओपलबाईंना बाहेर बोलावशील?"

ओपल ह्रुश्का त्रेसष्ट वर्षांची. वीस वर्षं करखात्यात काढून ती हेरन्समध्ये आली आणि गेली अकरा वर्षं पगाराच्या मर्यादेचा हिशेब तिच्याकडे आहे. प्रत्येक संघाने वर्षाला एकूण किती पगार द्यायचा याची कमाल रक्कम लीगने बांधून दिलेली आहे, सगळ्यांना सारखीच. मालक कितीही श्रीमंत असो, त्या रकमेवर एक डॉलर जाऊ शकत नाही. गेला, तर लीग करारच नोंदवत नाही. हेरन्सच्या रकमेचा पाचवा हिस्सा एकट्या क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, जातो. उरलेल्यात बावन्न माणसं बसवायचं काम ओपलचं. ती कागदावर छापून घेते आणि पेन्सिलीने खोडते. संगणकात खोडलेलं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

ती फाटकाबाहेर आली. हातात पेन्सिल तशीच होती.

"ओपलबाई, मला फक्त एक सांगा."

"मी तुला काही सांगू शकत नाही. तू इथला नाहीस."

"कार्डानं सांगितलं ते."

"पण जे आकडे बत्तीस संघांना आणि तुझ्या एजंटलाही दिसतात, ते सांगते. म्हणजे वाचून दाखवते." तिने चष्मा वर केला. "दोन जखमी गडी आज चारनंतर जखमींच्या यादीत जातील, पण त्यांचा पगार मर्यादेत तसाच राहतो. एकाच्या जागी बाहेरचा माणूस घ्यायचाय. तो आला की यादीत एक जागा उरेल आणि शिल्लक राहतील नऊ लाख चौदा हजार."

"आणि मी?"

"तुझा पगार साडेबारा लाख. पण जुना खेळाडू किमान पगारावर असेल तर मर्यादेत तो कमी धरतात, नाहीतर म्हाताऱ्यांना कुणी ठेवलंच नसतं. दहा लाख तीस हजार."

"एक लाख सोळा हजार कमी."

"वजाबाकी बरोबर आहे."

"गेल्या वर्षी किती होते?"

"गेल्या वर्षी एकतीस लाख होते. तेव्हा तुझं गवत कापणं सोपं होतं."

वेंडेलने मागे फाटकाकडे पाहिलं. "माझं कपाट रिकामं केलंय."

ओपलला हे माहीत नव्हतं. तिचा पेन्सिलीचा हात थांबला. "कुणी?"

"नव्या माणसानं."

"सोडलेल्यांच्या यादीत तुझं नाव होतं. त्यानं यादी वाचली. त्याला कोण काय सांगणार? आणि कशावर लिहून?"

"म्हणजे चूक झाली."

"कपाटाची चूक झाली. एक लाख सोळा हजारांची चूक नाही. ते खरंच नाहीत."

"मग कुठून आणणार?"

"एका मोठ्या खेळाडूचा यंदाचा पगार बोनस म्हणून पुढच्या वर्षांवर पसरवता येतो. कागद तयार आहे, एजंटची सही हवी. एजंट डोंगरात मासे धरायला गेलाय. सकाळपासून फोन लागत नाही. हा पहिला मार्ग."

"दुसरा?"

"दुसरा आणि तिसरा आठ वाजता मॅकेल्वीच्या टेबलावर ठेवलेत."

"त्यात काय आहे?"

"आकडे आहेत, वेंडेल. माझ्या कागदावर दुसरं काही नसतं."

ती आत गेली. वेंडेल गाडीत बसला आणि ते आकडे त्याने स्वतः मांडले. अवघड नव्हते. त्रेपन्नाव्या जागी नवशिका घेतला तर आठ लाख चाळीस हजारांत काम होतं. तो बसतो. तेव्हा वेंडेल नाही आणि चेंडू फेकणार ओरिन. हा एक मार्ग. किंवा वेंडेलला घ्यायचं आणि जो जुना किमान पगारावर आहे, म्हणजे जो मर्यादेत दहा लाख तीस हजारच धरला जातो, अशा कुणाला तरी सोडून त्याच्या जागी नवशिका घ्यायचा. हेही बसतं. हेरन्समध्ये किमान पगारावरचे जुने खेळाडू दोनच होते. एक कालपर्यंत तो स्वतः आणि दुसरा ओरिन टॅलमन.

घरी आला तेव्हा साडेबारा वाजले होते. कोरीन जेवायला आली होती. कोबी आणि शेवया तव्यावर परतून तिने दोन ताटल्या मांडल्या होत्या. त्याने सगळं सांगितलं, फक्त ओरिनचं गणित सांगितलं नाही. तिने ते न सांगता केलं.

"म्हणजे तू नाहीतर ओरिन."

"किंवा तो मासे धरणारा."

"ओमाहाला गेलास तर ओरिनही राहील आणि तूही."

"हो. आणि तू?"

"मी इथे सायीचे नमुने घेईन. आठवड्याला एकदा भेटू. लोक राहतात असे." तिने काटा खाली ठेवला. "मी जा म्हणत नाही, वेन, आणि जाऊ नको असंही म्हणत नाही. फक्त मला नंतर म्हणू नकोस, की तुला दुसरा रस्ता नव्हता."

एक वाजून वीस मिनिटांनी खिशातला फोन वाजला. वेंडेल स्वयंपाकघराच्या दारातून अंगणात उतरला. मॅकेल्वीच होता.

"गवत कापलंस का?"

"अर्धं."

"छान. आता मोकळं बोलता येतं, तू मोकळा आहेस. उरलेलं अर्धं बारा दिवसांनी कापलंस तर?"

वेंडेलला लगेच कळलं. पहिला सामना अकरा दिवसांवर होता. पहिल्या सामन्याच्या दिवशी जो जुना खेळाडू यादीत असतो त्याचा वर्षभराचा पगार पक्का होतो. दुसऱ्या दिवशी घेतलेल्याचा होत नाही. त्याला कधीही सोडता येतं.

"सामन्यानंतरच्या सोमवारी?"

"सोमवारी सकाळी नऊला. तोवर तो मासेवाला सापडेल, ओपलला पैसे सापडतील, सगळं रांगेला लागेल. बाराच दिवस, वेंडेल. अकरा वर्षांत मी कधी फसवलंय तुला?"

"नाही."

"मग?"

"त्या रविवारी कोण फेकणार?"

"ओरिन. तूच तर तयार केलायस त्याला."

गवताची कापलेली कड सरळ होती, यंत्र जिथे थांबलं होतं तिथपर्यंत. वेंडेल तिच्याकडे बघत राहिला. चार वर्षं गॅरेजमध्ये ओरिनचे जे चेंडू त्याने पाहिले होते, त्याबद्दल तो केंद्रात कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. ती गोष्ट गादीची आणि त्या दोघांची होती.

"सात यार्डांवर ओरिन ठीक आहे," तो म्हणाला. "पंधरावर त्याचे हात वर जातात. दहातले तीन चेंडू डोक्यावरून जातात. वारा असला तर चार."

"हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."

"कुणी विचारलं नाही."

"प्रशिक्षकांना माहीत आहे?"

"सरावात तो वर्षाला वीस चेंडू फेकतो. विसांत कळत नाही. मी हजारो पाहिलेत."

"हं."

"आणि मॅक, ओमाहानं विचारलंय. दोन वर्षं. एक पक्कं. मला दोन वाजता उत्तर द्यायचंय. तुम्हाला मी आज चार वाजता हवा असेन तर सांगा. सोमवारी नको, आज."

ही असली भाषा त्याने आयुष्यात वापरली नव्हती. पायांमधून मागे बघणाऱ्या माणसाला समोरच्याकडे बघून सौदा करायची वेळ सहसा येत नाही. पलीकडे कुणीतरी कागद हलवल्याचा आवाज आला.

"आज घेतलं तर कुणाला तरी जावं लागेल, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"कुणाला, ते कळतंय?"

वेंडेलने नाव घेतलं नाही. मॅकेल्वीनेही घेतलं नाही.

"चार वाजता फोन खिशात ठेव," मॅकेल्वी म्हणाला.

कोरीन दारात उभी होती. "ओरिनच्या हातांबद्दल बोललास तू?"

"खरं तेच बोललो."

"खरं का खोटं, हे मी विचारलं नाही," ती म्हणाली आणि प्रयोगशाळेत परत गेली.

दोनला आठ मिनिटं असताना त्याने लिओराला फोन करून ओमाहाला नाही कळवायला सांगितलं.

"तुझ्याकडे कागद आहे?"

"नाही."

"निरोप? मेल? काहीतरी?"

"फोन खिशात ठेव म्हणाला."

"वेंडेल, गेल्या वर्षी एका संघानं एका किकरला अस्संच फोन खिशात ठेवायला सांगितलं होतं. त्याच्या खिशात तो अजून आहे." तिने श्वास घेतला. "मी कळवते. दोन मिनिटं वाट बघते आणि मग कळवते."

त्या दोन मिनिटांत त्याने तिला फोन केला नाही. अडीचला लिओराचा निरोप आला की ओमाहाने दुसरा माणूस घेतला. म्हणजे बत्तिसांतली जी एक जागा त्याच्यासाठी उघडी होती ती आता बंद झाली होती, आणि ज्या एका जागेवर तो अवलंबून होता ती अजून उघडली नव्हती.

तीन ते चार तो अंगणातल्या लाकडी पायऱ्यांवर बसून राहिला. फोन खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला. तीन पस्तीसला वाजला, तेव्हा दातांच्या दवाखान्याची आठवण होती. तीन बावन्नला जॅब्लॉन्स्कीने कुंपणावरून विचारलं, "अर्धंच का ठेवलंय?"

चार वाजले. चार वाजून एक मिनिटाने लीगच्या संकेतस्थळावर हेरन्सच्या नावापुढे पहिली ओळ उमटली. दोन जखमी गडी जखमींच्या यादीत. चार वाजून तीन मिनिटांनी दुसरी ओळ. एकाच्या बदली माणूस घेतला. मग काही नाही. चार वाजून सहा मिनिटं. वेंडेलने फोन पालथा ठेवला आणि पुन्हा सुलटा केला. मॅकेल्वी या क्षणी सोमवार म्हणाला, तर वेंडेलपुढे आता सोमवारच उरला होता, आणि हे मॅकेल्वीलाही ठाऊक असणार.

चार वाजून नऊ मिनिटांनी ओपलचा मेल आला. मजकूर एका ओळीचा होता. 'सोबत करार. सव्वाचारच्या आत सही.' त्याने बोटाने सही केली. ती ओबरहाउससारखी दिसत नव्हती, पण चालते. चार वाजून चौदा मिनिटांनी संकेतस्थळावर आणखी तीन ओळी एकदम आल्या. वेंडेल ओबरहाउस, करारबद्ध. एक नवशिका, करारबद्ध. ओरिन टॅलमन, मुक्त.

तो मासेवाला संध्याकाळी सहा वाजता सापडला. त्याने सही केली. तोवर त्रेपन्न जागा भरल्या होत्या.

पाच वीसला ओरिनची गाडी दारात येऊन थांबली. त्याने मागचं दार उघडून दोन काळ्या पिशव्या बाहेर काढल्या आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"यातली तुझी कुठली रे? दोन्हींना सारखाच वास येतोय."

वेंडेलने गाठ बघून आपली घेतली. दुसरी ओरिनने परत आत टाकली, पण गाडीत बसला नाही. बॉनेटला टेकून उभा राहिला.

"मॅकेल्वीनं दार लावून घेतलं. म्हणाला, ओरिन, घरी जाऊन गवत काप."

"तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस."

"तेच म्हटलं मी. म्हणाला, कुंडी तर असेल." ओरिन हसला, पुरतं नाही. "म्हणजे बोलावतील ना? तू ओपलला भेटलास म्हणे सकाळी. किती उरलेत?"

वेंडेलला आकडा पाठ होता. "चौऱ्याहत्तर हजार."

ओरिनने मनात वजाबाकी केली. लीगमध्ये सात वर्षं काढलेल्या कुणालाही ती येते. "चौऱ्याहत्तर हजारांत माझा डावा बूट बसेल," तो म्हणाला.

रस्त्यावरून शाळेची रिकामी बस गेली. ओरिनने ती जाईपर्यंत वाट पाहिली.

"एक सांग. तो म्हणाला, पंधरा यार्डांवर तुझे हात वर जातात. दहातले तीन. दहातले तीन हा आकडा त्याला कुठून मिळाला?"

"माझ्याकडून."

ओरिनने मान खाली घातली. मग चेंडू सुटल्यावर दोन्ही हात जिथे थांबतात तसे ते पोटासमोर धरले, बोटं पसरली आणि ते हात कुठे थांबलेत ते पाहिलं.

"जातात," तो म्हणाला. "जातात खरे."

"ओरिन..."

"नको. तू शिकवताना रोज हेच सांगायचास. आज फक्त दुसऱ्याला सांगितलंस." त्याने दार उघडलं. "उद्यापासून माझ्या गाडीची पाळी होती. पेट्रोल भरून ठेवलं होतं."

गाडी वळून गेली. वेंडेलने पिशवी गॅरेजमध्ये नेऊन सोडली. बूट, टेप, हातमोजे, सगळं होतं. नावाची पट्टी नव्हती. सात वाजता कोरीन आली तेव्हा अंगण अर्धंच कापलेलं होतं आणि यंत्र आत ठेवलेलं होतं.

आठ वाजता केंद्रातून उद्याचं वेळापत्रक सगळ्यांच्या फोनवर आलं. गुरुवारी सव्वासातला किकिंगच्या गड्यांची बैठक आहे. त्यासाठी पेरिसबर्गहून सहा पंचविसाला निघावं लागतं. अकरा चाळीसला मैदान दोनवर लाथांचा सराव, पहिले दहा चेंडू पंधरा यार्डांवरून. स्नॅपरच्या रकान्यात ओबरहाउस आहे, नंबर सेहेचाळीस. त्याच्या शेजारचा राखीव स्नॅपरचा रकाना रिकामा आहे.